ऑइल हीटर, २००० वॉट: तीन हिवाळे वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून ठेवतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. दोष तसा फार नाही आणि जो आहे त्यावरून मला कुणाशी ईमेलवर भांडत बसायचं नाही. नऊ फिनचा, पांढरा, आत तेल भरलेला तो लोखंडी रेडिएटर, आपल्याकडे गीझरच्या दुकानात कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो ना, तोच. मी राहतो श्टुटगार्टला, भाड्याचा ७० स्क्वेअर मीटरचा फ्लॅट, बिल्डिंग साठच्या दशकातली, आणि इथे प्रत्येक फ्लॅटला स्वतःचा गॅस बॉयलर आहे. म्हणजे गॅसचं काँट्रॅक्ट माझ्या नावावर आणि बिल थेट माझ्या अकाउंटमधून. ज्यांचं हीटिंग भाड्यात धरलेलं असतं त्यांना धक्का वर्षभराने हिशोब आला तेव्हा बसला, मला लगेच बसला.

घेतला ऑगस्ट २०२२ मध्ये. बाहेर ३४ डिग्री, शर्ट पाठीला चिकटलेला, लोक आईस्क्रीमच्या रांगेत आणि मी हीटर शोधत तिसऱ्या दुकानात. फॅनवाले छोटे हीटर तर कधीच संपलेले, त्या वर्षी पहिल्या सहा महिन्यांतच जर्मनीत सहा लाखाच्या आसपास हीटर खपल्याची बातमी होती आणि ती बातमी वाचून उरलेले लोक पण दुकानात पळाले, त्यातलाच मी एक. शेवटी ऑनलाइन मागवला, एरवी ६५-७० युरोला मिळणारी वस्तू १२९ ला, आणि डिलिव्हरी साडेपाच आठवड्यांनी. लॉकडाऊनच्या आदल्या रात्री साखर-तेलासाठी जी झुंबड उडाली होती ना, डिट्टो तीच मनःस्थिती.

एवढं घाबरायला झालं काय होतं? तर २०२१ मध्ये जर्मनी बाहेरून जेवढा गॅस घ्यायची त्यातला ५५ टक्के रशियाकडून यायचा. नॉर्ड स्ट्रीम नावाची पाइपलाइन, बाल्टिक समुद्राखालून १२२४ किलोमीटर, रशियातून थेट जर्मनीतल्या लुबमिनच्या किनाऱ्यावर, मध्ये पोलंड नाही युक्रेन नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्याच्या दोनच दिवस आधी चान्सलर शोल्त्स यांनी शेजारची नवीकोरी नॉर्ड स्ट्रीम २ थांबवली होती. मग तिकडून नळ आवळायला सुरुवात झाली. जूनमध्ये सप्लाय ४० टक्क्यांवर, का तर म्हणे पाइपमध्ये गॅस ढकलणारं टर्बाइन दुरुस्तीला कॅनडात गेलंय ते अडकलं. जुलैअखेर २० टक्के. ऑगस्टमध्ये शोल्त्स जर्मनीतल्याच म्युलहाइमला जाऊन त्या टर्बाइनशेजारी उभे राहिले, हे बघा इथे आहे, न्या ना, कुणी अडवलंय. नेलं नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला कारण आलं की तेलाची गळती आहे, आता पूर्ण बंद. सोसायटीत पाण्याचा वॉल्व्ह ज्याच्या हातात असतो त्याच्याशी भांडण झालं की तो काय म्हणतो, मोटर जळलीये, मेकॅनिक गावाला गेलाय. तसंच हे. आणि २६ सप्टेंबरला तर बॉर्नहोम बेटाजवळ पाइपच फुटले, दोन्ही नॉर्ड स्ट्रीमचे मिळून चारपैकी तीन, म्हणजे वॉल्व्हचा विषयच संपला.

तर माझा हीटर आला त्याच आठवड्यात. नऊ किलोचा खोका, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाली चाकं लावायची असतात, हीटर उलटा करून, यू आकाराच्या बोल्टने, आणि ते विंग नट हाताने पिळता पिळता अंगठ्याची सालं निघतात. चार चाकांपैकी एक पहिल्या दिवसापासून फिरत नाही. पहिल्यांदा चालू केला की रंग जळल्यासारखा वास येतो तासभर, खिडकी उघडून ठेवा, घाबरू नका, परत येत नाही. वायर मात्र फारच आखूड, जेमतेम दीड मीटर, आणि एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका असं मॅन्युअलमध्ये तीन ठिकाणी लिहिलंय आणि ते खरंच पाळा, माझ्या ओळखीच्या एकाचा बोर्ड वितळून टेबलाला चिकटला. म्हणजे सॉकेट जिथे आहे तिथेच गरम, आपण बसतो तिथे नाही.

आवाज: फॅन नसल्यामुळे शांत, पण तापताना आणि गार होताना टिक-टिक-टक करतो, रात्री झोपमोड करणाऱ्यांनी विचार करावा. तापायला वीस मिनिटं, पण बंद केल्यावर अर्धा तास तरी ऊब देत राहतो. हा त्याचा सगळ्यात चांगला गुण. पंख्याचा हीटर बंद केला की दोन मिनिटांत खोली परत बर्फ.

आता खरा मुद्दा, पैसा. मी ऑगस्टमध्ये हे गणित मांडलंच नाही, नोव्हेंबरमध्ये मांडलं, आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. गॅस मला आधी ७ सेंट युनिट पडायचा, आबश्लाग म्हणजे दर महिन्याचा हप्ता ६८ युरो. सप्टेंबरमध्ये पत्र आलं, नवीन रेट २१ सेंट, हप्ता १७९. घरात ते पत्र फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलं होतं, देवाच्या फोटोसारखं येता-जाता दर्शन. पण वीज? वीज ३६ सेंट! दोन किलोवॉटचा हीटर संध्याकाळी चार तास लावला की आठ युनिट, म्हणजे जवळजवळ २ युरो ९० सेंट. तेवढीच ऊब बॉयलरने दिली तर नऊ-साडेनऊ युनिट गॅस लागतो, म्हणजे त्या चढ्या रेटने पण दोन युरोच्या आत. म्हणजे गॅस तिप्पट महाग होऊन सुद्धा माझा हीटर त्याच्यापेक्षा महाग. वर गंमत अशी की वीज कमी पडली की इथे गॅसवरचीच पॉवर प्लांट चालू करतात, आणि तिथे गॅसमधली निम्मी उष्णता वायाच जाते. म्हणजे गॅस वाचवायला घेतलेल्या हीटरसाठी कुठेतरी दुप्पट गॅस जळतोय. ज्यांना विजेवरच घर तापवायचंय त्यांनी इन्व्हर्टर स्प्लिट एसी बघा, हीट मोडवाला, एका युनिटमध्ये तीन युनिटची ऊब देतो. पण भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची परवानगी मागून दाखवा, मग बोलू.

मग हीटर कशासाठी? भीतीसाठी. गॅस खरोखरच बंद झाला तर एक खोली तरी गरम राहील, लेक तेव्हा दीड वर्षाची होती. २३ जूनला सरकारने गॅसच्या बाबतीत अलार्म स्टेज जाहीर केली होती, त्याच्या पुढची पायरी म्हणजे सरकार ठरवणार कुणाला गॅस द्यायचा, कुणाला नाही. कायद्याने घरांचा गॅस सगळ्यात शेवटी कापतात हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रात्री दोन वाजता झोप न येणं वेगळं.

त्या हिवाळ्यात आई आली होती मिरजेहून, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, व्हिसाचे नव्वद दिवस पुरते वसूल. एअरपोर्टवर स्वेटरवर स्वेटर घालून उतरली आणि घरात बघते तर हॉलमध्ये १८ डिग्री आणि मुलगा-सून घरात टोपी घालून बसलेत. सरकारी ऑफिसांत १९ डिग्रीच्या वर हीटिंग नाही, बेसिनला गरम पाणी बंद, रात्री इमारतींवरचे दिवे बंद, हे सगळं तिला समजावून सांगितलं. आमच्या राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री क्रेचमान, ग्रीन पार्टीचे, वयाने आजोबा माणूस, त्यांनी ऑगस्टमध्ये सांगितलं होतं की सारखा शॉवर कशाला हवा, ओल्या फडक्याने अंग पुसणं हाही एक कामाचा शोध आहे. जर्मनीभर चेष्टा झाली. आई म्हणाली, बरोबरच आहे की, बादली-तांब्या ठेवा म्हणावं, दोन तांब्यात होतं. मग तिला रॉकेलच्या रांगा आठवल्या, रेशन दुकानासमोर रात्रीच कॅन लावून ठेवायचे, कॅनला दगड बांधून नंबर धरायचा. एवढा श्रीमंत देश, म्हणे, आणि एकाच दुकानदाराच्या भरवशावर चूल ठेवली?

एका वाक्यात संपवला तिने विषय. मी तिला सांगत बसलो की एका दिवसात नाही झालं हे. १९७० चा करार, एसेनच्या हॉटेलात सही झालेली, जर्मन कंपन्यांनी सोव्हिएत युनियनला पाइप द्यायचे, जर्मन बँकेने कर्ज द्यायचं आणि त्यांनी गॅसने ते फेडायचं, १९७३ पासून गॅस सुरू. शीतयुद्ध असूनही. १९८२ मध्ये रेगन यांनी पुढच्या मोठ्या पाइपलाइनला खोडा घालायचा प्रयत्न केला, युरोपने ऐकलं नाही. व्यापार वाढला की माणूस निवळतो असा इथल्या पुढाऱ्यांचा सिद्धांत होता, आणि सोव्हिएत काळात गॅस बऱ्यापैकी वेळेवर आला म्हणून तो खराही वाटायचा. श्रोडर तर चान्सलरपद गेल्यावर थेट नॉर्ड स्ट्रीमच्याच कमिटीचे अध्यक्ष झाले. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी युनोत भाषणात सांगितलं की धोरण बदललं नाही तर जर्मनी रशियाच्या ऊर्जेवर पूर्ण अवलंबून होईल, तेव्हा कॅमेरा जर्मन शिष्टमंडळावर गेला तर ते हसत होते. ती क्लिप मी २०२२ मध्ये निदान दहा वेळा पाहिली असेल, आणि ट्रम्प बरोबर निघाले याचा रागच जास्त येतो. आणि देशातलं सगळ्यात मोठं गॅस साठवण, रेडेनचं, तेच गाझप्रॉम या रशियाच्या सरकारी गॅस कंपनीच्या एका कंपनीच्या ताब्यात दिलेलं, आणि युद्धाच्या तोंडावर ते जवळपास रिकामं होतं! धान्याच्या कोठाराची किल्ली पण सावकाराकडे.

वरच्या मजल्यावर मार्च २०२२ मध्ये एक बाई राहायला आली, मुलाला घेऊन, युक्रेनमधल्या खारकीव्हची. जर्मन तिला तेव्हा येत नव्हतं, माझंही दिव्यच, ट्रान्सलेटर अ‍ॅपवर गप्पा. डिसेंबरमध्ये एकदा पिठी साखर मागायला आली तर हीटरकडे बघून थांबली, हात ठेवला त्याच्यावर, आणि अ‍ॅपमध्ये टाइप केलं की माझ्या आईकडे पण असाच आहे, पांढराच. १० ऑक्टोबरपासून रशियाने त्यांच्या वीज केंद्रांवर मिसाइल टाकायला सुरुवात केलेली, खारकीव्हला दिवसातून काही तास वीज. आई आता त्या हीटरवर ब्रेडची टोपली ठेवते, असं तिने लिहिलं, टेबल म्हणून बरा आहे. मला पुढे काय टाइप करावं सुचेना, साखर दिली.

तिच्याचमुळे मी शेजारच्या चर्चमध्ये जायला लागलो, शनिवारी तिथे डब्यातल्या मेणबत्त्या बनवायचे. टोमॅटोचा किंवा राजम्याचा रिकामा पत्र्याचा डबा, आत पुठ्ठ्याची पट्टी घट्ट गुंडाळून, वरून वितळलेलं मेण, झाली शेगडी. हात शेकतात, कपभर पाणी उकळतं. आमच्या घरातल्या छोल्यांचे डबे आम्ही धुऊन पिशवी भरून न्यायचो. पुठ्ठा डब्याच्या काठापेक्षा किंचित वर यायला हवा, नाहीतर वात पेटत नाही, ही टीप एका सत्तरीच्या जर्मन आजीने मला तीन वेळा दिली. माझा १२९ युरोचा हीटर वीज गेली की लोखंडाचा ठोकळा, आणि हा फुकटचा डबा चालू.

आणि हे डबे भरताना डोक्यात एकच चालायचं. एप्रिल २०२२ मध्ये युरोपियन युनियनचे तेव्हाचे परराष्ट्र धोरण प्रमुख बोरेल पार्लमेंटमध्ये स्वतःच म्हणाले की युद्ध सुरू झाल्यापासून आपण युक्रेनला दिला एक अब्ज युरो आणि पुतिनना तेल-गॅस-कोळशाचे दिले पस्तीस अब्ज. त्यातले काही माझ्या आबश्लागमधून गेले असणार. जर्मनीने युद्धाआधी युक्रेनला ५००० हेल्मेट देऊ केली होती, जगभर हसं झालं. पुढे आयरिस-टी, पॅट्रियट ही मिसाइल पाडणारी यंत्रणा दिली, जानेवारी २०२३ मध्ये कुरकुरत लेपर्ड रणगाडे पण द्यायचं कबूल केलं, आणि युद्ध सुरू झाल्यापासूनच्या एकूण हिशोबात अमेरिकेनंतरचा मोठा देणारा देश हाच, हे मान्य. पण एका खिशातून रणगाडा आणि दुसऱ्या खिशातून त्या रणगाड्याला उडवणाऱ्या गोळ्याचे पैसे, असं किती दिवस चाललं बघा. याहून कहर म्हणजे रशियाचा गॅस युक्रेनच्याच जमिनीतून, दोघं लढत असताना, भाडं वगैरे देऊन, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत युरोपात येत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनच्या फौजा रशियात घुसल्या, सुद्जा गाव घेतलं, जिथे त्या पाइपलाइनचं मीटर स्टेशन आहे. गावात लढाई, आणि पाइपमधून गॅस चालूच!

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांना तर सोनंच सापडलं होतं. जयशंकर वॉशिंग्टनमध्ये म्हणाले होते ना, भारत महिन्याभरात रशियाकडून जेवढं घेतो त्याहून जास्त युरोप एका दुपारीत घेत असेल, तो व्हिडिओ मला किमान सहा नातेवाइकांकडून आला. मुद्दा बरोबरच होता तेव्हा. मग भारताच्या एकूण तेल आयातीत रशियन तेलाची खरेदी दोन टक्क्यांवरून एक तृतीयांशाच्या वर गेली, त्या तेलाचं डिझेल होऊन काही युरोपातच आलं आणि सगळे खुश, हे काका फॉरवर्ड करत नाहीत. २०२५ मध्ये अमेरिकेने त्यावरूनच २५ टक्के जादा टॅरिफ लावलं तेव्हा ग्रुप दोन दिवस शांत होता.

पण भारताला बसलेला जो फटका मला मामेभावामुळे कळला तो फारसा कुणाला माहीत नसतो. तो खताचा डीलर आहे, कोल्हापूरकडे. २०२२ च्या पावसाळ्यात फोनवर म्हणाला, तुमच्या जर्मनीने आमचा गॅस खाल्ला. मी हसलो, मग शोधलं. आपल्या गेलचा, म्हणजे सरकारी गॅस कंपनीचा, गाझप्रॉमच्या सिंगापूरच्या कंपनीशी वीस वर्षांचा करार, वर्षाला सरासरी २५ लाख टन एलएनजी म्हणजे जहाजाने येणारा द्रवरूप गॅस, २०१८ पासून जहाजं येत होती. ती सिंगापूरची कंपनी गाझप्रॉम जर्मानियाच्या, म्हणजे गाझप्रॉमच्या जर्मनीतल्या कंपनीच्या पोटातली. एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने गाझप्रॉम जर्मानिया ताब्यात घेतली, मेमध्ये रशियाने तिच्यावर निर्बंध टाकले, आणि गेलची जहाजं यायची थांबली. गेलला खत कारखान्यांचा, इंडस्ट्रीचा गॅस कापावा लागला. पुढे गेल लवादात गेलं आणि जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये युरोपच्या बाजारात गॅस हजार युनिटला ३०० युरोच्या वर गेलेला, आधी जो २० च्या आसपास असायचा. जो जास्त देईल तिकडे जहाज वळतं. माझी एक खोली गरम राहावी म्हणून कुणाच्या दारातलं जहाज वळलं, याचा हिशोब बिलावर छापून येत नाही.

बरं, हीटरच्या तक्रारी राहिल्या. दुसऱ्या हिवाळ्यात थर्मोस्टॅटची नॉब तुटली, आतला प्लॅस्टिकचा दांडा फारच नाजूक आहे. वॉरंटी दोन वर्षांची, पण पूर्ण हीटर पार्सलने परत पाठवा म्हणाले, नऊ किलो, तो मूळ खोका तोपर्यंत लेकीने घर-घर खेळून फाडलेला. आता पक्कडीने फिरवतो. कपडे वाळत घालू नका असा स्टिकर आहे, सगळे घालतात, मी पण घातले, मोज्याला पिवळा डाग पडतो. हीटर, केटल आणि मायक्रोवेव्ह एकदम चालू केलं की आमचा फ्यूज पडतो, १६ अँपियरची एकच लाइन आहे स्वयंपाकघर-हॉलला. आणि एकाच खोलीत ऊब ठेवून बाकी घर गार ठेवाल तर बेडरूमच्या कपाटामागे काळी बुरशी येते, आमच्याकडे आली, घरमालकाशी त्यावरून तीन मेल झाले, शेवटी रंग मीच दिला.

गॅस काही बंद पडला नाही. तो हिवाळा सौम्य गेला, साठे नोव्हेंबरमध्येच शंभर टक्के भरलेले, विल्हेल्म्सहाफेन बंदरात दहा महिन्यांत एलएनजी टर्मिनल उभं केलं, जिथे साधा सायकल ट्रॅक व्हायला चार वर्षं लागतात त्या देशात. डिसेंबरचा हप्ता सरकारने भरला, मग ८० टक्के वापरापर्यंत १२ सेंटची मर्यादा आली आणि माझा हप्ता १२० वर. रशियाकडून गॅस घेऊन विकणारी युनिपर कंपनी तर सरकारलाच विकत घ्यावी लागली. इतक्या वर्षांच्या स्वस्त गॅसचं बिल सगळ्यांना एकदम आलं, फक्त टॅक्सच्या नावाखाली. अणुभट्ट्या मात्र एप्रिल २०२३ मध्ये बंद केल्याच, त्यातली एक इथून जवळच नेकारवेस्टहाइमला, यावर ऑफिसात अजून भांडणं होतात, मी दोन्ही बाजूंना मान हलवतो. आणि आता टर्मिनलवर येतो तो बहुतेक अमेरिकेचा गॅस. ट्रम्प-झेलेन्स्कींचं २०२५ च्या फेब्रुवारीत व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यासमोर जे भांडण झालं ते बघून मला आईचं दुकानदाराचं वाक्यच आठवलं. एका वाण्याची उधारी तुटली म्हणून दुसऱ्या वाण्याकडे खातं उघडलंय, झालं.

स्टार पाचपैकी अडीच. वस्तू म्हणून साडेतीनची आहे, १२९ युरोला घेतला म्हणून एक गेला. ऊब वाढवायची असेल तर आधी आठ युरोची रबरी पट्टी आणून खिडक्यांच्या फटी बुजवा, आमच्याकडे या हीटरपेक्षा जास्त फरक तिने पडला. पाहुण्यांच्या खोलीसाठी, बाथरूमबाहेर लहान मुलांना कपडे घालताना, बॉयलर बिघडला त्या दोन दिवसांत, अशा कामांना चांगला आहे. रोज घर तापवायला घेऊ नका.

मागच्या महिन्यात विकायला काढला होता, २५ युरो, फोटोत नॉबच्या जागी पक्कड दिसत होती म्हणून असेल, कुणी विचारलं नाही. वरची बाई म्हणाली, ठेव, केलरमध्ये म्हणजे तळघरात जागा आहे ना. तिची आई आता इकडेच आलीये, खारकीव्हचा तो दुसरा पांढरा हीटर शेजारणीला देऊन.